ज्वारी विकत, गहू फुकट

शुगर निघाली की दवाखान्यातून पहिला सल्ला मिळतो: भात कमी करा, ज्वारीची भाकर खा. सल्ला चांगला आहे. पण अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत किंवा तिच्यासारख्या कुठल्याही गावात तो पाळायचा म्हटलं, की गाठ रेशन दुकानाशी पडते. तिथे गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट. ज्वारी बाजारातून आणायची. २०२३-२४ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वाबत्तीस. दुकानातला भाव त्याच्याही वर. मजुरीवर चालणारं घर काय शिजवेल?

त्याच २०२३ साली हे गाव देशभर पोहोचलं. २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील इथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून त्यांनी ज्यूस घेतला. त्या दिवसांत एका माणसाच्या पोटात काय गेलं आणि काय नाही, याकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष होतं. तेच साल संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं. त्याच सप्टेंबरात दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांच्या ताटात भरडधान्यं वाढली गेली. ज्या मराठवाड्यात ती पिकतात, तिथल्या रेशनवर ज्वारी कुठे आलीच तर हंगामापुरती येते. दरमहा हक्काने मिळत नाही. मराठवाड्यातल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर द्यायचं त्याच वर्षी ठरलं. तेव्हाच्या हमीभावाने पाच किलो मालदांडी घ्यायची तर १६१ रुपये लागत होते. हिशेब सरकारनेच करून बघावा.

मराठवाड्याचं ताट सल्ल्याने कधी बदललेलं नाही, ते पुरवठ्याने बदललं. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून लाल मिलो (परदेशी ज्वारी) आणि सुकडी आली, ती खाल्ली. मग गहू-तांदूळ आला. शेतात सोयाबीन आणि कपाशी वाढली, करडई हटत गेली आणि तिच्याबरोबर घाण्यावरचं करडईचं तेलही. आता किराण्यातून सोयाबीन नाहीतर पामतेलाची पिशवी येते. पन्नास वर्षं ताट असं बाहेरून बदलत राहिलं आणि आता त्याच माणसाला विचारतात, ‘तुम्ही पारंपरिक आहार का सोडलात?’ हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो.

ज्वारीचं औषध करून टाकलंय, तेही थांबलं पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू आहेत. गव्हाच्या कणकेत तंतू ११ ग्रॅमच्या आसपास. मग गव्हाने काय घोडं मारलंय? त्याचा मैदा झाला की तंतू तीन ग्रॅमच्याही खाली जातात. पांढऱ्या तांदळाचीही तीच गत. तेव्हा रेशनचा गहू मिळतोय तर तो न चाळता दळून खावा, त्यात कमीपणा नाही. आणि भाकर म्हणून चार-चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. दोन कमी करा आणि त्या जागी मटकी, हुलगा, वरण, मेथी, जवसाची चटणी येऊ द्या. ‘काय खाऊ?’ असं सगळे विचारतात. ‘किती खाऊ?’ हे फार थोडे विचारतात, आणि सांगणारेही ते सांगत नाहीत.

हीच गत गुळाची. साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केलेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत. गूळ शुगर वाढवतोच. दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं तज्ज्ञ सांगतात; दोन-दोन चमचे घातलेल्या चार कप चहात ती ४० ग्रॅमपर्यंत जाते, पाहुणे आले तर त्याहून पुढे. सैंधव घेतलं म्हणून बीपीवाल्याला जास्त मीठ चालत नाही, त्यातही सोडियमच असतं. उपासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजतात; साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला स्टार्च, त्याच्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी कितीतरी बरी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ती सोलून खावी. गाळून रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि दोन-तीन फळांची साखर एका ग्लासात येते. आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा नेतात. शेंगदाणे न्या, मोसंबी न्या, अंडी न्या. माणूस अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या उशाशी मैदा आणि साखर ठेवायची, ही रीत मोडायला हवी.

२०१८ च्या सुमारास घराघरात वाद रंगला: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभं राहून सांगितलं, दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, घरचं आणि गावचं खा, तुपाला घाबरू नका. लोकांनी तट पाडले. दीक्षित गोडाला आवर घालायला सांगतात आणि दिवेकर पाकिटातलं सोडायला, या दोन गोष्टी एका वेळी पाळता येतात. त्यावर कुणी भांडलं नाही, कारण त्यात भांडणाची मजा नव्हती.

माझी तक्रार दुसरीच आहे. हा वाद पोट सुटलेल्यांचा होता आणि तो सगळ्यांवर लादला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. २३ टक्के बायका जास्त वजनाच्या आणि जवळजवळ तितक्याच, २१ टक्के, हडकुळ्या. या दोघींना एकच सल्ला कसा लागू पडेल? दिवसभर कापूस वेचणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईने शहरातला व्हिडिओ बघून एक जेवण सोडलं, तर तिचं नुकसानच होणार. आणि ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने जेवण बुडवलं तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. हे सांगणारा आवाज गावात पोहोचायला हवा होता.

वरून येणारा आवाज तर रोज बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. अंडं पोराला चांगलं की वाईट? चांगलं असेल तर चौदा महिन्यांत नकोसं का झालं? दुधात घालायच्या गोड पावडरी वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या. बोर्नव्हिटासारखी पेयं त्या नावाखाली दाखवू नका, असं केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगायला एप्रिल २०२४ उजाडला. तोवर एक पिढी ती पिऊन मोठी झाली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्सवरून बातमी उठली की समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार. मग केंद्राने खुलासा केला: इशारा वगैरे काही नाही, तेल-साखरेची माहिती देणारे फलक तेवढे कार्यालयांत लावायचे आहेत. टपरीवाला उगाच बदनाम झाला. पाकिटवाल्यांना कुणी हात लावला नाही. चिलीमध्ये २०१६ पासून साखर-मीठ जास्त असलेल्या पाकिटावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो, लहान पोरालाही तो कळतो. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला, तोही तारे देण्याचा. बारीक अक्षरं पाकिटाच्या मागेच राहिली, बहुतेकदा इंग्रजीत. अंबडच्या बाजारात ती कुणी वाचायची?

म्हणून शुगरच्या माणसाला ‘तोंड आवरा’ म्हणून दटावणं मला पटत नाही. तोंड त्याने आवरावं, ते त्याच्या हातात आहे. रेशनचं पोतं, शाळेची पंगत आणि पाकिटाची छपाई त्याच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे, त्यांना आधी विचारा.

अंतरवालीने एक मागणी लावून धरली की मुंबईला ती ऐकावी लागते, हे साऱ्या राज्याने पाहिलंय. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, आपापल्या गावात, दोन ठराव मांडा: रेशनवर दरमहा माणशी किमान दोन किलो ज्वारी, आणि शाळेच्या ताटात सरकारी खर्चाने अंडं. ठराव लिहून घ्या, सही-शिक्क्याची प्रत मागा आणि ती तहसीलदाराच्या टेबलावर नेऊन द्या.