शास्त्रकाका

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, अडकित्त्यांच्या कपाटापाशी, ते हमखास भेटतात. पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला शबनम आणि ओठांवर वाक्य तयार: "यामागे शास्त्र आहे!" ऐकणारा ओळखीचा असायलाच हवा, असं नाही.

'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी अशा सुमारे २० हजार वस्तू जमवल्या, त्या घरगुती कारागिरीच्या वेडापायी. शास्त्रकाकांचं तेवढ्यावर भागत नाही. समईच्या पाच वाती म्हणजे पंचमहाभूतं, त्यातून लहरी निघतात, आणि "हे नासानेसुद्धा मान्य केलंय." आपण काय काय मान्य करून बसलोय, याची बिचाऱ्या नासाला कल्पना नसावी. तेल वातीतून आपोआप वर कसं चढतं, हे मात्र काकांना कधी विचारावंसं वाटलेलं नाही.

अडकित्त्यापुढे त्यांचा आवाज चढतो. "सुपारी कातरताना तळहातावरचा बिंदू दाबला जातो. थेट मेंदूशी कनेक्शन!"

"आजोबा, ही तरफ आहे," नातू म्हणतो. "टेकू टोकाला, सुपारी मध्ये, जोर मुठीशी. दुसरा प्रकार."

"ते पुस्तकातलं झालं रे."

घटिकापात्राचा विषय निघाला, की तर ते आपलं पुरातन अणुघड्याळच असतं. खरं म्हणजे ती तळाला बारीक भोक पाडलेली साधी वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. झाली एक घटका. भोक जरा मोठं पडलं तर घटका लवकर भरायची आणि मुहूर्ताआधीच अक्षता! ते नेमकं पाडणाऱ्या कारागिराला मी तरी मनोमन हात जोडतो. काकांना तो दिसतच नाही. त्यांची नजर थेट ऋषींवर.

अशात बोलण्याच्या भरात त्यांचा हात पितळी दिव्यावर जातो.

"काका, हात लावू नका," पहारेकरी दरडावतो. "पाटी वाचा."

"बरोबर आहे," काका पटकन हात मागे घेतात. "घामातल्या क्षारांनी पितळ खराब होतं. यामागे शास्त्र आहे!"

"अहो, पुरे आता," काकू म्हणतात, "त्या माणसाला तरी सोडा."