डोकं पुढे करा, पाहुणे!

शाळेला भेट येणार, ही बातमी सगळ्यात आधी मुतारीला कळते. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी मात्र फिनेलचा असा मारा होतो की डाससुद्धा बदलीचा अर्ज करतात. मग फळ्यावर रंगीत खडूंनी ‘सुस्वागतम्’ उमटतं, फुटक्या फरशीवर सतरंजी येते आणि बंद पडलेला पंखा निदान पुसून तरी निघतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला भेटींचं नवल नाही. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीच्या पंगतीला आपणही बसलो. अशा यादीत नाव लागलं की पाहुण्यांना तोटा नाही. साहेब येतात, कंपनीवाले येतात, निवडणूक जवळ आली की पुढारी येतात. समजा, उद्या तेरच्या एखाद्या शाळेत सातासमुद्रापलीकडून ख्रिस्ती मिशनची टीम आली.

पंधरा माणसं, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, एक गिटार, दोन पिशव्या फुगे, तीन खोकी पेन्सिली. पोरांना टाळ्यांचं एक गाणं शिकवलं जातं. अर्थ गुरुजींनाही कळत नाही, पण ताल बरा असतो. मग फोटो. इथे गुणवत्तेचा क्रम उलटा लागतो. तेल लावून भांग पाडलेला, वर्गात पहिला येणारा पोरगा मागच्या रांगेत जातो, कारण तो पुरेसा गरीब दिसत नाही. ज्याचं नाक वाहतंय तो मांडीवर. समन्वयक हळूच विचारतो, ‘‘गुरुजी, ज्यांच्या पायात चपला आहेत त्यांनी थोडा वेळ काढून ठेवल्या तर?’’

तोवर गावातला धर्म खडबडून जागा होतो. वर्गाचा पत्रा तीन पावसाळे गळत होता तेव्हा तो गाढ झोपलेला होता. पालकसभेला त्याला वेळ नव्हता, शिक्षकाची जागा रिकामी राहिली तेव्हा तो परगावी होता. आता मात्र तो मोबाइलवर लाइव्ह करतच फाटकातून आत येतो आणि गरजतो, ‘‘पेन्सिल देऊन आमची पोरं बाटवता काय?’’ शंका कायद्याला धरून आहे. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. पण संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावची श्रद्धा एका रबरवाल्या पेन्सिलीने पुसली जाईल, असं मानणाऱ्याने काकांचा जेवढा अपमान केला, तेवढा करायचं पाहुण्यांच्या स्वप्नातही नसेल. आणि टीम खरोखर पर्यटक व्हिसावर आली असेल, तर पर्यटन तेवढं राहूनच जातं. त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन मंदिर आणि लामतुरे संग्रहालय वाट पाहत बसतात, कारण तिथे गरिबीचा फोटो मिळत नाही.

परदेशी माणूस तेरला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा पत्ता पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांची वाट असा दिला आहे. इथलं कापड आणि मलमल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. (रस्त्यांची तक्रार एवढी जुनी आहे, हे बांधकाम खात्याने अभिमानाने नोंदवावं.) भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, म्हणून तिथला लेखक प्लिनी कपाळाला हात लावत होता. तेव्हाचा परदेशी आपल्याशी भाव करायचा. आता तो भाव करत नाही, कीव करतो. आणि आपणही फळ्यावर ‘सुस्वागतम्’ लिहून तिची पोच देतो.

मिशनऱ्यांचं म्हणाल, तर सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्येच मुंबईत उतरली. धर्म वाढवायला आली होती, ते त्यांनी लपवलंही नाही. त्यांच्यातल्या सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी तिथून शाळा उचलली, बाप्तिस्मा तिथेच ठेवला. पाहुण्याकडून काय घ्यायचं आणि काय नाही, एवढी अक्कल आपल्या माणसांना तेव्हाही होती. बाईंना परतीच्या विमानाची वेळ साधायची नव्हती, म्हणून जोतीरावांना पाहायला निदान एक शाळा तरी होती.

हल्लीच्या मिशन टीमच्या आठवडाभराच्या सेवेचा हिशेब त्यांच्याच घरच्या माणसाने मांडलाय. कर्ट व्हर बीक तेव्हा अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॅल्विन कॉलेजात समाजशास्त्रज्ञ होते. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेली घरं त्यांनी तपासली. उत्तर अमेरिकेतून आलेल्या टीमने बांधलेलं घर विमानभाड्यासकट सुमारे ३० हजार डॉलरला पडलं. तिथल्या संस्थेने बांधलेलं सुमारे २ हजारांना. म्हणजे पाहुणे घरी बसून पैसे पाठवते, तर एकाच्या जागी पंधरा घरं उभी राहिली असती. पण मग फोटो कुणाचे काढायचे?

हसू नका. आपला साहेब एका शाळेच्या पाहणीला तीन गाड्या घेऊन येतो. कंपनी दहा हजारांची दप्तरं वाटते आणि मंडपासह फ्लेक्सवर वीस हजार उडवते. पुढाऱ्याच्या हस्ते दिलेल्या वहीच्या मुखपृष्ठावर पुढारी असतो, मलपृष्ठावरही तोच. पोराने लिहायचं ते त्याच्या पोटात. मिशनवाले निदान गाणं तरी म्हणतात.

म्हणून माझी सूचना अशी की, शाळेची तपासणी पुरे झाली, आता पाहुण्यांची सुरू करावी. तेरला तर तशी परंपराच आहे. संतमंडळी गोरोबाकाकांकडे जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय, असं विचारलं. भांडं कच्चं की पक्कं ते याने कळतं, असं काका म्हणाले आणि एकेका संताच्या डोक्यावर त्यांनी थापटणं मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल लागला. जिथे नामदेवांची सुटका झाली नाही, तिथे साहेबांना आणि समन्वयकांना सूट का द्यावी?

तेव्हा यापुढे शाळेच्या फाटकावर चौथीतला एक पोरगा थापटणं घेऊन उभा राहील. पाहुणा देशी असो वा परदेशी, टिळेवाला असो वा क्रूसवाला, प्रश्न तेच. किती दिवस राहणार? पुढच्या वर्षी याल का? आईबाप ऊसतोडीला गेल्यावर जे पोर वर्गातून नाहीसं होतं, त्याचं नाव सांगता येईल? फोटो न काढता खिचडी खाऊन दाखवाल? उत्तर देताना जो चिडेल, तो कच्चा.

कच्चं ठरण्यात कमीपणा नाही. नामदेव त्यानंतर गुरू विसोबा खेचरांना शरण गेले आणि शिकले. आपल्या पाहुण्यांनीही खुशाल शिकायला बसावं. पट घटत चाललाय, त्यामुळे पहिलीच्या वर्गात जागा भरपूर आहे. शिक्षकाचं पद तेवढं रिक्त आहे.