आल्प्सच्या माथ्यावर डाळभात

परदेशी गेल्यावर तिथले पदार्थ चाखावेत, असा एक खुळचट समज काही लोक अजूनही बाळगून आहेत. आपल्या सहल कंपन्यांनी तो केव्हाच मोडीत काढला, याबद्दल त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख हे युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. उंची ३४५४ मीटर. डोंगराच्या पोटातून बोगदा खणून १९१२ साली स्विस लोकांनी तिथवर गाडी नेली. कशासाठी, ते आता कळतं : तिथल्या भारतीय रेस्टॉरंटात आपल्याला गरम डाळभात मिळावा म्हणून. खिडकीबाहेर आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी पसरलेली. आत काकू लोणच्याची पुडी दातांनी फोडतायत आणि काका मान वर न करता विचारतायत, “भात अजून येतोय ना?”

पुढची पायरी सोपी आहे. खिडक्यांना जाड पडदे लावावेत. बर्फाकडे बघण्यात डाळ निवते. मग व्हिसाही फक्त आचाऱ्याचाच काढावा आणि त्याने तिथून डबे पाठवावेत.

राहता राहिलं चीजचं फाँड्यू. तेही चुकलं नाही. परतल्यावर मंडळींनी पुण्यातल्या एका हॉटेलात ते अगदी आवडीनं खाल्लं, पाऊण तास रांगेत उभं राहून.