मीटरवाले काका

जकातनाक्यावर हयात घालवलेल्या माणसास निवृत्तीनंतर जिची उणीव सर्वाधिक भासते ती वस्तू नोंदवही होय. आणि ती उणीव भरून काढण्यासाठी एखादा गृहस्थ जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगतो, हे उत्तन-डोंगरीच्या शेजारच्या आमच्या तारोडीबाहेर कोणास सहजी पटणार नाही. काकांची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली. खाऱ्या वाऱ्याने तिचे पत्रे पोखरले, दारे कुरकुरू लागली. परंतु तिने कापलेल्या प्रत्येक किलोमीटरची नोंद काकांच्या दफ्तरी तारीखवार आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची दिसेनाशी झाली, तेव्हा सारे शहर हळहळले. काकांनी वहीत शेरा मारला, ‘काळी-पिवळी सेवानिवृत्त. आमची हजर.’

अशा गाडीचे मीटर एके दिवशी अडकले. वेगाचा काटा डुलत होता, आकडे मात्र ढिम्म. काकांनी तत्काळ निदान केले, आणि ते शास्त्रशुद्ध होते, हे कबूल केले पाहिजे. काटा ज्या चुंबकाच्या प्रभावाने वळतो त्याचा त्यास स्पर्शही नसतो. चुंबक केबलीने फिरतो, ॲल्युमिनियमची वाटी त्याच्या ओढीने कलते, नि काटा हलतो. आकड्यांचा कारभार निराळा, तो दात्यांच्या गरारीवर चालतो. अर्थात केबल शाबूत, गरारी दोषी. निकाल लागताच काकांनी गाडी तहकूब केली आणि दुरुस्ती होईतो भाईंदरला बसने जाणे पत्करले. नोंदीवाचून धावलेला किलोमीटर म्हणजे नाका चुकवून आणलेला माल, अशी त्यांची धारणा.

“काका, गाडी पळतेय, ब्रेक लागतोय, आकडे कशाला हवेत?” असे मिस्त्री बोलून गेला आणि पस्तावला. विट्रुव्हियस नामक रोमन स्थापत्यकाराने दोन सहस्र वर्षांपूर्वी अशा रथाचे वर्णन करून ठेवले आहे, ज्याची चाके चारशे वेळा फिरून एक मैल भरला की पेटीत एक खडा पडे, “त्यांनी खडे मोजले, अन् तू मला आकडे कशाला विचारतोस?” असा सवाल काकांनी त्यास केला, तो चहा गार होईतो चालू होता.

डॅशबोर्ड उघडला. पाहता पाहता शाफ्टवर सैल होऊन नुसती फिरत असलेली इवलीशी गरारी सापडली. जुने चिकटलेले ग्रीस काढून ती पक्की बसवली, आणि मीटर चालू झाले. येथे कोणताही शहाणा मनुष्य पैसे देऊन घरी गेला असता. काका म्हणाले, “त्रेचाळीस पुढे घे.” मीटर अडकल्यापासून ते लक्षात येईतो गाडी उत्तन व भाईंदरला तितकी फिरली, असा वहीचा दाखला होता. मिस्त्रीने आजवर मीटर मागे फिरवून मागणारी गिऱ्हाईके पुष्कळ पाहिली होती. पुढे ढकलून मागणारा हा पहिलाच. त्याने केबलीस ड्रिल जोडले आणि बराच वेळ गुरगुरत ठेवले. चहाचा कप उचलण्यास वळला तेवढ्यात एक किलोमीटर जादा झाला.

आता मागे फिरवणे काकांच्या लेखी खोटा दस्तऐवज करण्यासमान. सबब असे ठरले की केबल सोडून गाडी एक किलोमीटर चालवावी, म्हणजे मीटरवर आगाऊ जमा झालेला किलोमीटर प्रत्यक्षात वसूल होईल. मोजण्यासाठी पुढे मिस्त्रीची स्कूटर. डोंगरीकडे ही मिरवणूक निघाली, मिस्त्रीने हात वर करताच गाडी थांबली, पंचनामा झाला, त्यावर मिस्त्रीने सही केली, आणि काका समाधानाने केबल जोडून घरी परतले. त्या स्कूटरचे मीटर गेल्या दिवाळीपासून बंद आहे, ही वस्तुस्थिती तारोडीत काकांखेरीज सर्वांस ठाऊक आहे.