अप्पांचा बाजार

सुरमईचे कल्ले उघडून ताजेपणा पाहणारी गिऱ्हाइकं दादरच्या बाजारात ढिगानं सापडतील. आमचे अप्पा तिचा जबडा उघडतात. आत गळाची जखम दिसली की चेहरा खुलतो. "गरीची आहे!" नाही दिसली, तर कोळणीकडे वळतात. "जाळं कुठलं?"

"काका, मासा घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?"

अप्पा बँकेतून निवृत्त झाले. कर्जदारांकडे जी कागदपत्रं मागायचे, ती आता माशांकडे मागतात. त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीशेजारी शाळकरी पट्टी असते. राज्य सरकारनं 2023 साली 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटाचं 135 मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. तेव्हापासून पट्टीला कायद्याचं बळ आणि अप्पांच्या आवाजाला धार आली आहे. "राज्यमाशाची पोरं विकायला बसलीस?" हे वाक्य चार टोपल्यांपलीकडे ऐकू जातं.

जानेवारीनंतर बांगड्याचा ढीग दिसला की त्यांना पर्ससीनचा वास येतो. 2016 च्या आदेशानं राज्याच्या हद्दीत त्या जाळ्याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, हे ते तारखेसकट सांगतात. एलईडीचा झगमगाट करून मासे गोळा करायला 2017 मध्ये केंद्रानं बंदी घातली, हेही. मागची रांग तोवर कोलंबी घेऊन घरी पोचलेली असते.

बोंबील मात्र ते निर्धास्त खात. बोंबील येतात डोल जाळ्यातून. ते जाळं एका जागी उभं, भरतीओहोटीचं पाणीच त्यात मासळी आणून सोडतं, ट्रॉलरसारखं समुद्राचा तळ खरवडणं नाही. मग कुणीतरी सांगितलं, की डोलीच्या खोल्याची, म्हणजे टोकाच्या पिशवीची, वीण इतकी बारीक असते की पापलेटाची पिल्लंही त्यात अडकतात. अप्पांनी बोंबील सोडले. काकूंनी दोन्ही वेळा भेंडी केली. चौथ्या दिवशी डोलीच्या बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे, असं अप्पांना आढळलं.

एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "मी लिलावात घेते. बोट कोणाची, जाळं कसलं, ते पहाटे ससून डॉकला येऊन तुम्हीच इचारा." अप्पा खरोखर गेले. बर्फाच्या चिखलात उभं राहून एका खलाशाला त्यांनी विचारलं, "हा मासा कुठल्या जाळ्याचा?"

"नायलॉनच्या," तो म्हणाला आणि पुढची पाटी उचलली.

मला हसू येतं, पण अप्पांचा प्रश्न चुकीचा नाही. डॉकवर वेगवेगळ्या बोटींची मासळी एकदा का एका ढिगात पडली, की गरीची सुरमई आणि ट्रॉलरची सुरमई एकाच भावानं विकली जाते. धीरानं गरी टाकून बसणाऱ्याला मग जास्तीचा पैसा मिळायचा कसा? अप्पा निदान विचारतात. बाकीचे आपण फक्त घासाघीस करतो.

कोळीण आता अप्पांना लांबून येताना पाहिलं की बोटभर पापलेटं फळीखाली सरकवते आणि पट्टीला पुरून उरतील अशी पुढे मांडते. अप्पा विजयी मुद्रेनं घरी जातात. फळीखालची पुन्हा वर येतात, मागच्या गिऱ्हाइकासाठी. ते गिऱ्हाईक तुम्ही असाल, तर स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका.