किनारा पसंत आहे

मालवणला जाण्याआधी बहुतेक सगळं घरबसल्या ठरवता येतं. कोकण रेल्वेचं आरक्षण, कुडाळ स्टेशनवरून पुढची गाडी, घरगुती निवासातल्या खोल्या, इतकंच काय, पहिल्या दुपारी सुरमई की बांगडा, हेसुद्धा. ठरत नाही ती एकच गोष्ट: कुठल्या किनाऱ्यावर जायचं. कारण टंचाईचं नाही, सुबत्तेचं आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा आहे आणि एक पुळण संपली की खडकापलीकडे दुसरी तयार असते. मालवणच्या उत्तरेला तळाशील, तोंडवळी, आचरा, मिठबाव, कुणकेश्वर. गावात चिवला आणि दांडी. दक्षिणेला वायरी, तारकर्ली, देवबाग. कर्ली नदी ओलांडली की भोगवे आणि निवती, आणि त्याही पुढे वेंगुर्ल्याकडची मंडळी: वायंगणी, सागरेश्वर, मोचेमाड, शिरोडा, रेडी. पाणी सगळीकडे त्याच अरबी समुद्राचं, सूर्यही सगळीकडे पश्चिमेलाच बुडणार. तरी आमच्या सहा जणांत सात मतं होती, कारण मेहुण्याची दोन होती.

गाडीने पनवेल सोडलं तेव्हा चर्चा सुरू झाली आणि रत्नागिरी आली तेव्हा ती खासगी आठवणींवर घसरली होती. आईची अट साधी: रिक्षा वाळूपर्यंत गेली पाहिजे. बायकोला किनाऱ्यावर चिटपाखरू नको होतं. मेहुण्याला स्कूबा, पॅरासेलिंग आणि त्याचा व्हिडिओ हवा होता. मुलीला सूर्यास्त हवा होता, पण फोटोत मागे कुणाचे काका पँट दुमडून उभे नसलेला. मामा किनाऱ्याबद्दल बोलतच नव्हता. नाव निघालं की तो एवढंच विचारायचा, "तिथे जेवायला कोणाकडे?" मी सावलीवाला. समुद्राकडे बघायला माझी काही हरकत नाही, पण माडाखालून.

पहिला मान बायकोचा, म्हणून तोंडवळी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये सुरूचं बन आणि लांबच लांब रिकामी वाळू. शांतता अगदी हवी तशी होती. आम्ही पोचेपर्यंत. मग मेहुण्याने विचारलं, "इथे काय करायचं असतं?" आईने चहाची टपरी शोधली, मामाने शहाळंवाला शोधला, आणि थोड्या वेळाने मुलीने जरा अवघडल्या आवाजात स्वच्छतागृह शोधायला सुरुवात केली. निर्जन किनाऱ्याची हीच अडचण आहे. तिथे जन नसतात म्हणजे चहा करणारेही नसतात, हे जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. बायको मात्र खंबीर राहिली. "मन भरलं," ती म्हणाली. पोट तिने आचऱ्याच्या बाजारात भरलं.

दुसरा मान मेहुण्याचा. त्याला कर्लीच्या मुखाशी असलेल्या त्सुनामी बेटावर जायचं होतं. २००४च्या त्सुनामीनंतर हे बेट वर आलं असं लोक सांगतात. बेट म्हणजे वाळूचा पट्टा, पण बनाना राइडपासून जेट स्कीपर्यंत सगळे खेळ तिथे मिळतात. सकाळी तो शॉर्ट घालून तयार झाला, तेव्हा घरमालकीण काकी घावने काढत होत्या. त्यांनी तव्यावरून मान न उचलता विचारलं, "आज तिथ खंयची?"

मेहुण्याला तिथी माहीत असण्याचं वय अजून आलेलं नाही. काकींनीच भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. "पुनव. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराक भरती, आणि पुनवेचा उधाण. बेट पाण्याखाली जातला. तुमी थंय जावन काय करतलास?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला चढउतार मोठा, अष्टमीच्या आसपास बेताचा. म्हणजे किनाऱ्याला किती तारे मिळालेत ते मोबाइलवर कळतं, पण किनारा जागेवर आहे की नाही ते बघायला कालनिर्णयच लागतं. १९७३ साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, तेव्हा या बाबतीत मोबाइलवाल्यांनी त्यांच्याशी स्पर्धा न केलेली बरी.

मेहुणा तरीही गेला. पैसे आगाऊ भरलेले होते. बनाना राइडवाल्यांनी रिवाजाप्रमाणे त्याला मुद्दाम समुद्रात उलटवलं आणि दुपारी तो खारट होऊन परतला.

"कसं होतं बेट?" मामाने विचारलं.

"चांगलं होतं."

"दिसलं?"

"पायाला लागलं."

त्याच पौर्णिमेने संध्याकाळी भरपाई केली. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरचं पाणी मागे सरलं आणि समोरच्या पद्मगडापर्यंत चालत जाता आलं. मुलीला तिथे काका नसलेला सूर्यास्त मिळाला. आई जवळच्या मोरयाच्या धोंड्यापाशी थांबली. १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा झाली ती इथे. समोर कुरटे बेटावर किल्ला उभा होता. मामाने माहिती पुरवली, की किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. आईने तत्काळ महाराजांना आपल्या बाजूला घेतलं. "बघा. महाराजांनीसुद्धा आधी प्यायच्या पाण्याची सोय बघितली. तुम्ही मला तोंडवळीला नेऊन तहानलेलं ठेवलंत."

यानंतर तडजोड म्हणून देवबाग निघालं. डावीकडे नदी, उजवीकडे समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, आणि रिक्षा जवळजवळ वाळूपर्यंत. आई खूश, मी माडाखाली. पण संगमावर उभं राहिलं की पलीकडे भोगवे दिसतं, आणि पलीकडचं दिसलं की बायकोला अलीकडचं आवडेनासं होतं. होडीने भोगवे काही मिनिटांवर. आई होडीत बसणार नाही. रस्त्याने जायचं तर मागे फिरून नेरूरपारच्या पुलावरून, मग परुळ्याकडून उतरायचं. समोर दिसणाऱ्या वाळूसाठी अख्खी दुपार. शेवटी कुटुंबाची फाळणी झाली. बायको, मुलगी आणि मेहुणा होडीने पलीकडे, आम्ही तिघं अलीकडे. दोन्ही गट एकमेकांना हात करत राहिले. रात्री कळलं, की तिकडच्यांना देवबाग फार सुंदर दिसत होतं.

मामाने शिरोड्याचा प्रस्ताव मांडला तो इतिहासाच्या नावाने. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्या शाळेत शिक्षक होते, मराठी माणसाने तिथे नतमस्तक व्हायला हवं, वगैरे. आम्ही गेलो. मिठागरं लांबून पाहून झाली आणि मामा नतमस्तक झाला तो एका ताटावर. त्यात तिसऱ्यांचं सुकं होतं. मान बराच वेळ वर आली नाही.

गावातल्याच चिवल्याला मात्र कोणी मत दिलं नव्हतं. खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा समुद्र हा सहलीत धरायचा नसतो, अशी आपली समजूत. मी एका सकाळी सावलीच्या शोधात तिकडे गेलो तर रापण चालली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळं टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणलेली, आणि प्रत्येक दोरावर माणसांची रांग ओढायला लागलेली. हा किनारा त्यांची कचेरी होती आणि आम्ही सगळे भर कामाच्या वेळी तिथे चपला हातात घेऊन फिरत होतो. मागोमाग घरचे आले. कोणीतरी मेहुण्याला म्हणालं, "बघतास काय, हात लाव." स्टेशनवर स्वतःची बॅगसुद्धा न उचललेला माणूस दोराला लागला. मग बायको लागली. दुसऱ्या दोराला मामा आणि मुलगी. कुटुंब इथेही दोन टोकांना विभागलं गेलं. फरक एवढाच, की रापणीत दोन टोकं जवळ येणं सक्तीचं असतं.

ओढणाऱ्यांना वाटा मिळतो. आमच्या वाट्याला पसाभर पेडवे आले. मेहुण्याने ते स्कूबाच्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांना दाखवले. काकींनी तिरफळ घालून त्यांचं तिखलं केलं. मामाने शेवटचा काटा चाटूनपुसून बाजूला ठेवला आणि निकाल दिला, "किनारा उत्तम शिजला होता."

निघायच्या संध्याकाळी पुण्याचं एक कुटुंब त्याच घरात उतरलं. गृहस्थ वही-पेन घेऊन ओसरीवर आले. "तुम्ही सगळं फिरलात. एकच दिवस मिळाला तर कुठला बीच करावा?"

"देवबाग," आई म्हणाली. "रिक्षा थेट जाते."

"भोगवे. तिकडे कोणी नसतं," बायको म्हणाली.

"चिवला. मासे मिळतात, फुकट," मेहुणा म्हणाला.

"दांडी. लाइट छान असतो," मुलगी म्हणाली.

"शिरोडा. दुपारी साडेबाराला पोचा," मामा म्हणाला.

मी देवबागचेच, पण नेमके कुठले माड, ते सांगितलं.

गृहस्थांनी सगळं नीट लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि विचारलं, "आणि समुद्र कुठला चांगला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. समुद्राबद्दल आमच्यापैकी कोणाचंच काही मत नव्हतं. अखेर आईनेच त्यांची समजूत घातली.

"तो काय हो, सगळीकडे असतोच!"