दुसऱ्यांदा कोण वाजवणार?

पोस्टरवर 'जागतिक प्रीमियर' असं छापलं की युरोप-अमेरिकेतल्या समकालीन अभिजात संगीताच्या मैफलीला अनुदान मिळतं, समीक्षक येतो, नगरपालिकेच्या संस्कृती खात्याचा साहेब पहिल्या रांगेत बसतो. आता 'दुसरा प्रयोग' असं छापून बघा.

छापखानेवालाच फोन करून विचारेल, साहेब, काही चुकलं तर नाही ना?

हिशेब सोपा आहे. पैसा मिळतो तो नव्याला. पाच-सहा वादक आठवडेच्या आठवडे घाम गाळतात, मोजायलाही अवघड अशा ताला-मात्रांशी झुंजतात, एका संध्याकाळी वीस मिनिटं वाजवतात. टाळ्या होतात, संगीतकार रंगमंचावर येऊन वाकतो, आणि कागद कपाटात जातात. आपल्याकडे शुभारंभाच्या प्रयोगातच नाटक बंद पडलं तर निर्माता महिनाभर तोंड लपवून फिरतो. तिकडे त्यालाच महोत्सव म्हणतात.

आणि श्रोत्याची तक्रार काय? 'कळत नाही.'

अहो, कळेल कसं? एकदाच ऐकून कुठली गोष्ट कळली आहे तुम्हाला?

हे दुखणं एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. आर्नोल्ड शोनबर्ग. तो ओळखणारच, कारण त्याने मार खाऊन शिकून घेतलं होतं. 31 मार्च 1913 रोजी व्हिएन्नात त्याने स्वतःच्या आणि शिष्यांच्या नव्या रचना लोकांपुढे ठेवल्या आणि सभागृहात हाणामारी झाली. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे एका ऑपेरेटावाल्या संगीतकाराने साक्ष दिली म्हणतात, की त्या संध्याकाळचा सर्वांत सुरेल आवाज थोबाडीतीचाच होता.

साक्षीदार निदान शेवटपर्यंत थांबला होता, हेही नसे थोडके.

1918 मध्ये शोनबर्गने खासगी संगीत सादरीकरणाची एक संस्थाच काढली. नियम वाचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. हुर्यो उडवायची नाही. वृत्तपत्रांच्या समीक्षकांना दार बंद. काय वाजणार हे आधी सांगायचं नाही, म्हणजे नावडत्या संगीतकाराचं नाव वाचून कुणी घरी बसायला नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तालमी भरपूर करायच्या आणि एकच रचना पुन्हा पुन्हा वाजवायची. संस्था जेमतेम तीन वर्षं चालली. तेवढ्यात 117 मैफली, 154 रचना, 353 सादरीकरणं. भागाकार करा. सरासरी एक रचना दोनदा तरी वाजली.

आजच्या कुठल्या महोत्सवाने हा भागाकार करून दाखवावा.

पहिल्या दोन वर्षांत शोनबर्गने स्वतःची एकही रचना तिथे वाजू दिली नाही. संस्थापकाने स्वतःला कार्यक्रमातून वगळलं! आपल्याकडच्या संमेलनांचे अध्यक्ष हा परिच्छेद वाचणार नाहीत अशी आशा आहे.

मग पैसे संपले. ऑस्ट्रियात महागाईने कहर केला होता. तेव्हा निधीसाठी या क्रांतिकारकांनी काय केलं? 27 मे 1921 रोजी योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ वाजवले. होय, तेच, ज्यावर अख्खं व्हिएन्ना गिरक्या घेई. शोनबर्ग आणि त्याचे शिष्य बर्ग व वेबर्न यांनी स्वतः रूपांतरं केली. वेबर्न चेलोवर, बर्ग हार्मोनियमवर, शोनबर्ग व्हायोलिनवर. शेवटी हस्तलिखितांचा लिलाव.

नव्या संगीताला जगवायला जुनंच लागतं. त्या वर्षाअखेर संस्था बंद पडली.

शोनबर्गने आणखी एक वारसा ठेवला. 1912 ची 'पिएरो ल्युनेर'. एक गायिका आणि पाच वादक: बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो. पहिल्या प्रयोगाआधी चाळीस तालमी झाल्या. पुढे जगभरच्या समकालीन चमूंनी हाच संच उचलला. ब्रिटनमध्ये 1967 साली निघालेल्या एका चमूने तर नावच 'पिएरो प्लेयर्स' ठेवलं. का उचलला? विद्वान म्हणतील, ध्वनिरंगांची श्रीमंती. असेल. पण बासरीवाला पिकोलोही वाजवतो, क्लॅरिनेटवाला बास क्लॅरिनेट, व्हायोलिनवाला व्हायोला. पाच माणसं, आठ वाद्यं.

मानधन मात्र पाचांचंच. एका गाडीत मावतात, हे वेगळंच.

याच ब्रिटिश चमूसाठी पीटर मॅक्सवेल डेव्हिसने 1969 मध्ये वेड्या राजावर आठ गाणी रचली. राजा म्हणजे तिसरा जॉर्ज, जो पक्ष्यांना गाणं शिकवायचा प्रयत्न करी. म्हणून चार वादक चक्क पिंजऱ्यात बसतात. राजा एकेकाशी बोलतो, किंचाळतो, आणि शेवटाकडे व्हायोलिनवाल्याच्या हातातलं वाद्य हिसकावून त्याचा चुराडा करतो. शाळेपासून ज्या मुलाला 'वाद्याला पाय लागू देऊ नकोस' शिकवलं, त्याने आता ते मुकाट राजाच्या हाती द्यायचं. संगीताच्या कागदावर लिहिलेलंच आहे तसं.

दुसऱ्या प्रयोगाला दुसरं व्हायोलिन. तरी ही रचना टिकली, पुन्हा पुन्हा वाजली. म्हणजे अडचण खर्चाची नाही.

खर्च म्हणावा तर संगीतकार स्टॉकहाउझेनचा. 26 जून 1995 रोजी आम्सटरडॅममध्ये आर्दिती या तारवाद्यांच्या चौकडीच्या चार वादकांना त्याने चार हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. प्रत्येकी एक. पंख्यांची घरघर हा रचनेचाच भाग. श्रोते खाली सभागृहात पडद्यावर बघतायत. चौघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, कानात टिकटिक चालू, आणि सूर लावायचाय.

बातम्या हेलिकॉप्टरच्या छापून आल्या. चौघांचे सूर लागले होते का, कुणी विचारलं?

वादकाची हीच गोची आहे. डोकं संगीतकाराचं, छायाचित्र हेलिकॉप्टरचं, पाठदुखी याची. मॉर्टन फेल्डमनची दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट (1983) पूर्ण वाजवली तर सुमारे सहा तास चालते. तीही बहुतेक वेळ कुजबुजीच्या आवाजात. हात हवेत धरून, गज तारेवर जेमतेम टेकवून, मध्यंतर नाही. 1996 मध्ये न्यूयॉर्कला ती अखंड वाजवायचं क्रोनोस चौकडीने जाहीर केलं आणि मग शरीराला झेपणार नाही म्हणून रद्द केलं. 1999 मध्ये फ्लक्स चौकडीने ती पुरी केली.

श्रोत्यांना निदान उठून जाता येतं.

पॅरिसने यावर फ्रेंच उपाय काढला. संगीतकार पिएर बुलेझने 1976 मध्ये सरकारी पाठबळावर 'आँसांब्ल आंतेरकाँताँपोरें' उभा केला. 31 एकल वादक, कायम नोकरीवर. याच बुलेझने पूर्वी एका मुलाखतीत ऑपेरागृहं उडवून द्या असं सुचवलं होतं. पुढे क्रांती पगारी झाली. हसू नका. पगार होता म्हणून तालमी झाल्या, तालमी झाल्या म्हणून दुसरा प्रयोग झाला. फ्रँकफुर्टचा 'आँसांब्ल मॉडर्न' दुसऱ्या टोकाचा. तिथे निर्णय वादकच घेतात, सगळे भागीदार. हाउसिंग सोसायटीची सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या मंडळींना साष्टांग नमस्कार घालावा.

पण मुद्द्याचा माणूस डेव्हिड हॅरिंग्टन. 1973 मध्ये त्याने रेडिओवर जॉर्ज क्रम्बची 'ब्लॅक एंजल्स' ऐकली. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत लिहिलेली, तीन वर्षं जुनी. तारवाद्यं विजेवर कर्कश चिरकतात. वादक पाणी भरून स्वरात लावलेल्या काचेच्या प्याल्यांच्या कडांवर गज फिरवतात, घंटा ठोकतात, वेगवेगळ्या भाषांत आकडे पुटपुटतात. हॅरिंग्टनला ती वाजवायची होती. म्हणून त्याने क्रोनोस चौकडी काढली.

नीट बघा. जगातली सर्वांत नावाजलेली नवसंगीताची चौकडी जन्मली ती प्रीमियरसाठी नव्हे. कुणीतरी आधीच वाजवलेलं पुन्हा वाजवायला!

सुरुवातीची एक रचना त्यांनी पिशवीभर डोनटच्या मोबदल्यात लिहवून घेतली. आता आकडा हजारावर गेला आहे. मानधनही सुधारलं असावं.

आपल्याकडे मात्र क्रोनोस ओळखीची झाली ती 2005 मध्ये. आर. डी. बर्मनची गाणी, गळा आशा भोसल्यांचा, तबल्यावर झाकीर हुसेन. सत्तरी ओलांडलेल्या आशाताई त्या चौघांना पुरून उरल्या. 'दम मारो दम' ऐकून रसिक म्हणाले, वा, किती प्रयोगशील! हीच चौकडी क्रम्ब वाजवत होती तेव्हा रसिक कुठे होते?

क्रोनोससाठी वर्षानुवर्षं लिहिणारा टेरी रायली तर आपल्या आणखी जवळचा. 1970 मध्ये तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला. म्हणजे ज्या घराण्याच्या नावाने पुणं डिसेंबरात शाली पांघरून बसतं, त्याचीच एक फांदी कॅलिफोर्नियात गेली. रायलीच्या 1964 च्या 'इन सी'मध्ये 53 छोटे तुकडे आहेत. प्रत्येक वादकाने प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा. दुसऱ्यांदा वाजवायची सोय रचनेतच करून टाकली. शहाणा माणूस.

पुण्याच्या सवाई महोत्सवाच्या मांडवातला श्रोता दरबारी हजार वेळा ऐकून बसलेला असतो. म्हणून तर हजार-एकाव्या वेळी गवयाने कुठे वेगळी जागा घेतली, हे त्याला कळतं आणि मान डोलते. तोच श्रोता नवी पाश्चात्त्य चौकडी आयुष्यात एकदा ऐकतो आणि निकाल देतो: हे संगीतच नव्हे.

पहिला विलंबित ख्याल ऐकला होता तेव्हा काय म्हणाला होतात, राव? आईने चिमटा काढून बसवलं होतं की नाही?

क्रोनोसने 2015 मध्ये उत्तर काढलं. पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या, पंचवीस पुरुषांकडून, पंचवीस स्त्रियांकडून, आणि सगळ्यांची स्वरलिपी इंटरनेटवर मोफत ठेवली. उतरवून घ्या, वाजवा, चुका, पुन्हा वाजवा. प्रीमियरचा मान आमचा, बाकीचे प्रयोग तुमचे. कपाटाला कुलूपच नाही.

त्या पन्नासांत झाकीर हुसेन यांची 'पल्लवी' आहे. माहीमच्या पोराची रचना, अमेरिकेच्या चौकडीसाठी. दोनदा ऐका. फुकट आहे, तेव्हा आपल्याला आवडायला हरकत नसावी.